पहिले बावन्न सेकंद

महेंद्र रोकडे आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत राहतो. अंबरनाथ पूर्वेला त्याला नावानं ओळखणारे थोडे. 'शूटिंगवाला' म्हटलं की शाळेतलं पोरही त्याचं दार दाखवतं. लग्न, हळद, बारसं, जयंतीची मिरवणूक, सगळं तो कॅमेऱ्यात घेतो. अंगानं सडपातळ, बोलायला कमी, आणि डावा डोळा कायम किंचित बारीक केलेला. त्याच्याबद्दल लिहायचं मी वर्षभर टाळलं. जे घडलं त्यात माझाही हात होता, हे त्याचं कारण.

त्याचे वडील धोंडिबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जात. १९९४ साली ते गेले तेव्हा महेंद्र बावीस वर्षांचा होता. वडिलांच्या जागी त्याला घ्यायला कंपनी तयार होती. त्याची आई गयाबाई नको म्हणाली. "तिथला वास मी वीस वर्षं तुझ्या बापाच्या कपड्यातनं धुतलाय. आता तुझ्या कपड्यातनं धुवायची नाही." ती स्वतः औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जात असे. पोरगा वर्षभर इकडेतिकडे फिरला आणि शेवटी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये मुकेशकडे लागला.

मुकेश सिंधी, महेंद्रच्याच वयाचा. खाली त्याच्या वडिलांचं साड्यांचं दुकान आणि वर पोटमाळ्यावर मुकेशचं मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या चित्रणाला गाणी आणि फुलांच्या चौकटी जोडून द्यायचं काम. पुढे त्यानं तिथेच आठ कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला. महेंद्र तिथे मिक्सिंग शिकला, मग कर्ज काढून स्वतःचा कॅमेरा घेतला, तरी जोडणीचं काम मुकेशच्याच कॉम्प्युटरवर करत राहिला. दोघं एकमेकांना 'साईं' म्हणत आणि दिवसातून दोनदा भांडत.

लग्नाची कॅसेट महेंद्र तीन तासांची करायचा. मी एकदा विचारलं, "एवढी लांब कोण बघतं रे?"

"कोणीच नाही, काकू. पण प्रत्येकजण स्वतःला शोधतो. एक मावशी राहिली तर दोन वर्षं बोलत नाही. म्हणून मी कुणाला कापत नाही."

त्याच्या धंद्यातली ही एक रीत. दुसरी रीत कॅमेऱ्यात घालायच्या छोट्या, तासाभराच्या कॅसेटची. चित्रण कॉम्प्युटरवर उतरवलं की कॅसेटवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची आणि ती पिशवीत टाकायची. पुढच्या लग्नाला तीच. एका कॅसेटवर चार-पाच लग्नं होत, नवं चित्रण जुन्यावर बसत जाई. कॉम्प्युटरवरही जागा अपुरी, म्हणून काम संपलं की कच्चं चित्रण पुसून टाकायचं. सगळे शूटिंगवाले असंच करतात.

आता गयाबाईबद्दल सांगायला हवं. मी या चाळीत १९८१ साली आले, तेव्हापासून आमची ओळख. मी ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत शिकले आणि रोज वही लिहिते, एवढं तिला कळलं आणि तिनं माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. पाणी भरायला आली की खिडकीतून हाक मारायची, "कॉन्व्हेंट, लिवलं का आजचं? आमच्या घरी कालवणात मीठ जास्त झालं, ते बी लिव."

तिला अक्षरओळख नव्हती, पण आवाज असा होता की विहारात तिनं गाणं धरलं की बाहेरच्या बायका चपला काढून आत येऊन बसत. दर जयंतीला ती एकच गाणं म्हणे. ते तिच्या धाकट्या बहिणीनं, विठानं, रचलेलं होतं. विठा गावच्या शाळेच्या ओसरीत झाडलोट करायची. वर्गात तिला कुणी बसवलं नाही. झाडू मारता मारता तिनं हे गाणं बांधलं.

पाटी घेतली उशाला, पेन्सिल घेतली हाताशी,
लेक माझी बोलंल गं उद्या साऱ्या गावाशी.

विसाव्या वर्षी काविळीनं विठा गेली. तिला ना नवरा होता ना मूल.

१९८६ साली कुठल्याशा गायन पार्टीची कॅसेट बाजारात आली. तिच्यात हे गाणं होतं. गयाबाईनं चौदा वर्षांच्या महेंद्रला वेष्टनावरचं वाचायला लावलं, तेव्हा मी तिथेच होते.

"गाण्याच्या म्होरं काय लिवलंय?"

"पारंपरिक."

"ती कोण?"

"कोणी नाही, आई. पारंपरिक म्हणजे कुणा एकाचं नाही. आधीपासून चालत आलेलं."

"कुणाचं नाही कसं? माझ्यासमोर रचलंय तिनं. दोन दिवस एका ओळीला अडून बसली होती." त्या वर्षापासून गयाबाई कुठेही हे गाणं म्हणायला उभी राहिली की आधी विठाबद्दल सांगायची आणि मगच गायची. कुणी घाई केली तर म्हणायची, "तुला गाणं पायजे ना? मग धनीण कोण ते ऐकून घे."

विहारातल्या जुन्या ध्वनिमुद्रणाच्या दोन कॅसेटी तिच्या घरी होत्या. २००५च्या २६ जुलैला वालधुनीचं पाणी चाळीत शिरलं, त्यात त्या गेल्या.

२००८च्या फेब्रुवारीत तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचू शकतो, आवाज वाचणार नाही. महेंद्र घरी येऊन आईला हे सांगू शकला नाही. मला घेऊन गेला. मी सांगितलं. गयाबाईनं ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि मुलाला म्हणाली, "तुझा तो कॅमेरा काढ. जगाची लग्नं घेतोस, माझं एक गाणं घे. पण विठाचं नाव आधी आलं पायजे, बाबा. ते माझ्या तोंडून आलं पायजे."

"येईल."

"आणि ते कॉम्प्युटरवर टाकतात ना, मुकेशकडं पोरं बघत असतात, तिथं टाक. किती माणसं ऐकतील?"

"लाखभर," महेंद्र म्हणाला. त्याला आकडा ठाऊक नव्हता. त्याला फक्त आईचा चेहरा बघवत नव्हता.

रविवार, ९ मार्च, सकाळी साडेनऊ. मीही दाराशी बसले होते. गयाबाई पांढरं लुगडं नेसून कॉटवर बसली. ठेक्याला तिनं पिठाचा रिकामा डबा मांडीवर घेतला. आधी तिनं सांगितलं: गाणं आपलं नाही, विठाचं आहे, मग गावाचं नाव, बापाचं नाव, शाळेच्या ओसरीची गोष्ट. मध्ये खोकली, पदर नीट केला, एक वाक्य अर्धं सोडून पुन्हा सुरू केलं. मग गायली. तिसऱ्या कडव्यात श्वास तुटला. तिनं डोळे मिटले, घोट गिळला आणि तुटला होता तिथूनच सूर उचलला. गाणं संपल्यावरही महेंद्रनं कॅमेरा बंद केला नाही. कॅसेट संपेपर्यंत, तासभर, ती काहीबाही बोलत राहिली आणि तो घेत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला रुग्णालयात दाखल केलं. शस्त्रक्रिया अठरा तारखेला ठरली.

महेंद्रनं विठाबद्दलचं बोलणं आणि गाणं एवढाच भाग कॉम्प्युटरवर उतरवला, सव्वाचार मिनिटं. इंटरनेटवर चढवण्याआधी त्यानं मुकेशला दाखवला. मुकेश वीसेक सेकंद बघून मोबाइल काढून बसला.

"तूच बघत नाहीस," महेंद्र म्हणाला.

"साईं, बुरा मत मान. आई को मैं जानता हूँ, इसलिए बीस सेकंड बैठा. दूसरा पाँच में जाएगा. मेरा बाप नीचे क्या करता है? ग्राहक बैठा नहीं कि सबसे भड़क साड़ी धाड़ से खोलता है. फिर वो उठता नहीं. तू पहले सूत का भाव बता रहा है."

"आई म्हणजे साडी नाय."

"इधर सब साड़ी है. मैं भी साड़ी है."

महेंद्रनं त्याला शिवी घातली, पण घरी आल्यावर माझ्या दारात उभा राहिला. "काकू, तुमचं घड्याळ आणि वही घेऊन याल का? लोक नक्की कुठं सोडून जातात ते मला बघायचंय. मी सांगितलं तर मुकेश म्हणेल, आईच्या प्रेमानं बोलतोय."

आईला शुद्ध आल्यावर तिच्या हाती एक आकडा ठेवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. आवाज नसेल, पण आकडा असेल. मी गेले.

चार संध्याकाळी, पाच ते सात, मी त्या पोटमाळ्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. कॅफेत आलेल्या माणसाला मुकेश सांगायचा, "दो मिनट ये देखो, फिर आपका टाइम चालू करता हूँ." मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि मान वळली, हात माउसकडे गेला, की सेकंद लिहायचा. त्या वहीची पानं आज माझ्यासमोर आहेत. १२ मार्च, बुधवार: अकरा माणसं, त्यातली आठ विसाव्या सेकंदाच्या आत. १३ मार्च: नऊ माणसं, खोकल्याला तिघं, पदर सावरताना दोघं. १४ मार्च: बदलापूरच्या कॉलेजातल्या दोन मुली गाव आणि बापाचं नाव चालू असताना एकमेकींशी बोलू लागल्या. गाणं सुरू होताच दोघी गप्प झाल्या आणि शेवटपर्यंत बसल्या.

मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल करते. माणसाचं लक्ष किती सेकंद टिकतं, आवाज कधी चढला की भुवई उंचावते, चेहरा जवळून दिसला की खांदे कसे पुढे येतात, हे सगळं मोजता येत होतं. डब्यावर बोट पडलं की पाय हलायचे. गयाबाई कॅमेऱ्यात सरळ बघायची तेव्हा बघणारा आपोआप ताठ व्हायचा. आणि एक गोष्ट रोज दिसली. तिसऱ्या कडव्यात श्वास तुटायचा, तिथवर थांबलेल्यांपैकी कुणीही, एकानंही, मान वळवली नाही. चहा घेऊन वर आलेला माणूसही कपबशी हातात धरून थांबला.

"इथं कोणी हलत नाही, काकू," महेंद्र हळूच म्हणाला.

"क्योंकि सबको लगता है अब गई," मुकेश म्हणाला. "यही तेरा भड़क पीस है. इसको आगे ले."

महेंद्रनं ते कडवं मागे घेऊन पुन्हा लावलं. नाही म्हणाला नाही.

शनिवारी, १५ मार्चला, चौथी संध्याकाळ संपल्यावर त्यानं कापायला घेतलं. सुरुवातीला तो तुटलेला श्वास, लगेच गाणं. विठाबद्दल गयाबाई जे बोलली त्यावर माउसचा बाण नेऊन तो थांबला. "हे आईनं आधी ठेवायला सांगितलंय."

मी वहीत बघून म्हटलं, "तिथेच सगळे उठतात, महेंद्र. नाव शेवटी टाक, ठळक अक्षरांत. पुस्तकातसुद्धा काही गोष्टी शेवटी असतात. लोक थांबले तर नाव वाचतील, निघून गेले तर काय वाचणार?"

मी हे शांतपणे आणि नीट बोलले. मला शाळेत असंच बोलायला शिकवलं होतं. त्यानं कळ दाबली.

शेवटी त्यानं पांढऱ्या अक्षरांत 'रचना : विठा' असं टाकलं. व्हिडिओला नाव मुकेशनं दिलं, 'आजीचं शेवटचं गाणं'. यूट्यूबवर चढवायला दीड तास लागला. काम संपल्यावर रिवाजाप्रमाणे कच्चं चित्रण पुसलं आणि कॅसेटवर महेंद्रच्या हातानं, सवयीनं, पेन्सिलीची खूण झाली.

अठराला शस्त्रक्रिया झाली. तेवीस तारखेला महेंद्रचं वांगणीचं लग्न आधीच घेतलेलं होतं. आई अतिदक्षता विभागात, रात्रीची झोप नाही, पिशवीतून हाताला येतील त्या कॅसेटी उचलून तो गेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर रुग्णालयात गेले. गयाबाईच्या गळ्याला भोक होतं, वर जाळीचं फडकं. महेंद्र तिच्या कानाशी वाकला. "आई, तुझं गाणं अकरा हजार लोकांनी ऐकलं." तिनं भुवया उंचावल्या. त्यानं दोन्ही हातांची बोटं उघडली, मग एक बोट दाखवलं. "आपल्या चाळीत किती माणसं? दोनशे. अशा पन्नासच्यावर चाळी." तिनं त्याचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. मग ओठ हलवले. आवाज नव्हता, तरी शब्द आम्हा दोघांनाही कळला: विठा.

"हो," महेंद्र म्हणाला. "विठाचं गाणं."

त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मलाही.

रविवार, ४ मे. गयाबाईला रिक्षानं कॅम्प दोनला नेलं. मुकेशनं कॅफे सकाळपुरता बंद ठेवला होता. त्याच्या वडिलांनी खालून सरबत पाठवलं आणि जिन्यावर तिला धरून चढवायला स्वतः आले. मधल्या कॉम्प्युटरपुढे गादी टाकलेली खुर्ची होती. गळ्यावरचं फडकं सावरत ती बसली आणि महेंद्रनं व्हिडिओ लावला.

पडद्यावर तिचा श्वास तुटला. ती दचकली. मग गाणं सुरू झालं. दोनच ओळी झाल्या आणि तिनं हात वर करून थांबवलं. बोट मागे फिरवलं, पहिल्यापासून.

महेंद्रनं हसून पुन्हा लावलं. पुन्हा तोच श्वास, तीच ओळ, आणि पुन्हा तिचा हात. पहिल्यापासून.

"आई को बहुत पसंद आया," मुकेश म्हणाला.

तिसऱ्यांदा लावलं. या वेळी ती पडद्याकडे बघत नव्हती, महेंद्रच्या तोंडाकडे बघत होती. बोट जोरानं मागे, मागे, अजून मागे फिरवत राहिली. तेव्हा मला समजलं, आणि महेंद्रकडे बघितलं तर त्यालाही समजलेलं दिसलं.

"शेवटी आहे ना, आई," तो घाईनं म्हणाला. "नाव शेवटी आहे. हे बघ." त्यानं व्हिडिओ पुढे सरकवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. "हे, इथं. रचना, विठा."

गयाबाईनं बोट पुढे केलं आणि काचेवरच्या त्या अक्षरांना लावलं. एका अक्षरावरून दुसऱ्यावर नेलं. तिला ती वाचता येत नव्हती. मग तेच बोट तिनं स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि तसंच ठेवून मुलाकडे बघत राहिली. मुकेश उठून जिन्याकडे गेला.

"टाकतो," महेंद्र म्हणाला. "तुझं बोलणं पुन्हा जोडतो, आई. आहे माझ्याकडे. कॅसेट आहे."

कॅसेट शोधायला त्याला आठवडा लागला. पासष्ट कॅसेटी त्यानं एकेक लावून बघितल्या. हळदी, वराती, आहेर, जेवणाच्या पंगती. दहा मेला संध्याकाळी त्यानं मला हाक मारली. कॅमेऱ्याला टीव्ही जोडलेला होता आणि गयाबाई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पडद्यावर वांगणीचं लग्न चालू होतं. नवरी गाडीत बसली, गाडी हलली, माणसं मागे फिरली. मग एकदम पडदा थरथरला आणि गयाबाई दिसली, याच कॉटवर, पांढऱ्या लुगड्यात, मांडीवर डबा.

"झालं का रे?" ती म्हणाली. "बंद कर आता. डोळा दुखत नाही व्हय तुझा? ऊठ, चहा ठेवते."

तिथे कॅसेट संपली. शेवटच्या दीड मिनिटाला लग्न शिवलं नव्हतं. बाकीचा तास गेला होता. नाव तर सुरुवातीलाच होतं.

कॉटवरची गयाबाई उठून बसली होती. आपला आवाज ऐकून ती टीव्हीकडे बघत होती. महेंद्रनं कॅसेट मागे घेऊन ती दीड मिनिटं पुन्हा लावली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातांना दुसरं काही सुचलं नसावं. ऊठ, चहा ठेवते. गयाबाईनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर ओट्यावर येऊन त्यानं मला विचारलं, "काकू, तुमच्या वहीत असेल ना? तुम्ही तर सगळं लिहिता. ती काय बोलली ते शब्द मिळाले तर मी माझ्या आवाजात तरी..."

मी त्याच्यासमोरच वही उघडली. मार्च महिन्याची सगळी पानं चाळली. नऊ मार्चच्या पानावर वेळ होती, लुगड्याचा रंग होता, डबा होता. 'गयाबाई आधी विठाबद्दल बोलली, मग गाणं.' बारा मार्चच्या पानावर होतं: 'सुरुवातीचं बोलणं, ५२ सेकंद. लांबतं.' पुढे रोज किती माणसं उठली त्याचे आकडे. मी सेकंद लिहिले होते, शब्द एकही नाही. ते बोलणं मी चार संध्याकाळी मिळून तीस-चाळीस वेळा ऐकलं असेल. बघणाऱ्यांच्या तोंडाकडे लक्ष होतं.

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. "असू दे, काकू," म्हणाला. तो मला काही बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानं स्वतःच्या आवाजात विठाचं नाव, गाव आणि आजोबांचं नाव सांगून गाण्याला जोडलं आणि नवा व्हिडिओ चढवला. सुरुवातीला जोडलेला तुटका श्वास काढून टाकला. महिन्याभरात एकशे चार जणांनी तो बघितला. जुना व्हिडिओ त्यानं पुसला, पण तोवर त्याच्या नकला निघाल्या होत्या. कुणी पुण्याहून, कुणी नागपूरहून, कुणी दुबईहून तो आपल्या नावानं चढवला होता. गाणं संपताच कापलेला, म्हणजे शेवटची अक्षरंही गेलेली. एकावर लिहिलं होतं, 'जुनं पारंपरिक गीत, आजीचा अखेरचा श्वास'. त्याच्याखाली चाळीस हजारांचा आकडा होता. मोबाइलवरून मोबाइलवर किती गेला त्याची गणती कुणाकडेच नाही.

गयाबाईनं त्याला कधी रागावून दाखवलं नाही. त्यानं भरवलं की खायची, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. फक्त त्यानं कॅमेरा पुसायला जरी बाहेर काढला, तरी ती पदर तोंडावर ओढून घ्यायची आणि कॅमेरा पेटीत गेल्याचा आवाज येईपर्यंत तसाच धरून ठेवायची.

२० जानेवारी २००९ला ती गेली. रविवारी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्रिसरण, पंचशील झालं, माणसं दोन शब्द बोलली. तिच्या लांबच्या नात्यातली प्रतिभा, बदलापूरला नर्सिंग शिकते, ती रडत रडत उठली आणि म्हणाली, "आत्याचा आवाज ऐकवते." तिनं मोबाइल माइकजवळ धरला. सगळ्या विहारात तो तुटलेला श्वास ऐकू आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गाणं संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक पाहुण्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "जुनी गाणी ती जुनीच. कुणी रचली असतील कोण जाणे."

महेंद्र उठून माइकपाशी गेला. "हे गाणं," तो म्हणाला, "माझ्या मावशीचं..." पुढे त्याला बोलता आलं नाही. त्याचे ओठ हलत होते. माणसांना वाटलं आईच्या आठवणीनं गळा भरून आला. दोघांनी येऊन त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

आता तो दर रविवारी सकाळी मुकेशकडे जातो. गाण्याच्या जेवढ्या नकला सापडतात तेवढ्या उघडतो आणि प्रत्येकीखाली, जिथे बघणारे आपलं मत लिहितात तिथे, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो: हे गाणं पारंपरिक नाही, हे विठाचं आहे, ती शाळेच्या ओसरीत झाडू मारायची. पुढच्या रविवारपर्यंत त्यावर दुसऱ्यांची वाक्यं येऊन बसतात आणि ते खाली जातं. तो पुन्हा लिहितो. मुकेश त्याच्याकडून वेळेचे पैसे घेत नाही आणि त्या सकाळी त्याच्याशी भांडतही नाही.

मागच्या रविवारी मी बरोबर होते. पहिल्यांदाच त्याच्या लिहिण्याला कुणाचं तरी उत्तर आलं होतं. मुकेशनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "कौन विठा भाई? उसका कोई वीडियो है तो डालो ना."

मुकेशनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. विठाचा फोटोसुद्धा नाही. तिला बघितलेलं, तिचं गाणं तिच्या तोंडून ऐकलेलं, जगात एकच माणूस होतं, आणि ते जे बोललं ते आम्ही कापलं.

"क्या लिखूँ?" मुकेशनं विचारलं.

"मी लिहितो," महेंद्र म्हणाला. एकेक कळ शोधत त्यानं लिहिलं: 'नाही.'